अकरा पावलं

सरकीपुरा, यवतमाळ
२ डिसेंबर २०२४

नरहरभाऊ,

इंदूचा नमस्कार. फोन करत नाही, कारन मांगच्या दिवाळीले मी दहा मिनिटं जीव तोडून ओरडली अन् तुमी 'बरं बरं, तब्येत सांभाळा' म्हनून ठेवून देल्ला. तुमच्या पोरानं, श्रेयसनं, कानाचं मशीन घेऊन देल्लं तरी तुमी लावत नाही, हे मले समजलं. सत्तरी उलटली भाऊ, आता कोनाले दाखवाचं? म्हनून हे पत्र. जशी बोलते तशीच लिहून राह्यली, चुका काढत बसू नोका.

तुमचं घर ठीक हाय. किल्ली माह्याजवळच हाय, आठ दिवसातून एकदा उघडून झाडून घेते. रत्नप्रभाताईची तुळस बी जिवंत हाय.

आता मुद्द्याचं. आपल्या गल्लीतून ग्यासची मोठी पाइपलाइन जाऊन राह्यली. आपल्यासाठी नाही बरं, पलीकडच्या नव्या कॉलन्यायसाठी. मोठ्या रस्त्यानं नेली त अर्धा किलोमीटर फेरा पडते म्हने, म्हनून आपल्या गल्लीतून घुसवाची. ग्यास कोनाले नको? सिलिंडर ढकलून ढकलून माहे टोंगळे कामातून गेले, बसता-उठता येत नाही. पन चौकातली विहीर भाऊ! चौऱ्याण्णव साली बुजवली तवा काय काय टाकलं होतं तिच्यात? चुलीची राख, छपरावरचे फुटके कवेलू, घरोघरचा केर. दर पावसाळ्यात जमीन बसत होती अन् तुमी अन् आमचे पुंडलिकराव मुरूम टाकत होते. आता वरून सिमेंटचा रस्ता झाला म्हनून दिसत नाही, पन पोटातून ती पोकळच हाय. तिच्यावरून पाइप गेला अन् जमीन बसली त पाइप तुटनार. एकतीस घरं, भिंतीले भिंत. एक काडी पेटली की काय होईन ते तुमाले सांगाले पाह्यजे?

कंपनीवाले म्हनते, आमच्या कागदावर विहीर लाइनीपासून पाच फूट दूर हाय. मी म्हनलं, कागद गेला चुलीत. वीस वर्षं मी त्या विहिरीचं पानी भरलं. माह्या उंबरठ्यापासून कठड्यापर्यंत, भरला गुंड डोक्यावर असला त अकरा पावलं, रिकामा असला त नऊ. डोळे बांधून सोडा मले. त हासते लेकाचे! म्हनते, आजी, पावलं नाही चालत, नकाशा दाखवा.

नालीच्या कामाच्या वेळेस आपल्या चौकाचा नकाशा तुमीच काढला होता. अडतीस वर्षं नकाशे काढाच्याच धंद्यात होते तुमी. तो पेटीतून काढा अन् रजिस्टरनं धाडून द्या. सगळ्या गल्लीची आशा तुमच्यावर हाय.

इंदू


पुणे
११ डिसेंबर २०२४

इंदुवहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुळशीबद्दल वाचून बरं वाटलं. रत्नप्रभा गेली तेव्हा ती तुळस बरोबर आणावी असं मनात होतं, पण इथे अकराव्या मजल्यावर कुंडीला ऊन लागत नाही आणि माणसालाही.

नकाशाचं म्हणाल तर सामान लावताना पेटी कुठे गेली ते सापडत नाही. शोधतो आहे. पण वहिनी, थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नका. पावलांच्या हिशोबाने शहरं चालत नाहीत. पाऊल माणसागणिक बदलतं आणि तिशीतलं पाऊल सत्तरीत राहत नाही. तुम्ही स्वतःच लिहिता की एकच अंतर भरल्या गुंडाने अकरा आणि रिकाम्याने नऊ! मोजमापात असं चालत नाही. टेप लावून मोजलेलं अंतर तीस वर्षांनी तेवढंच राहतं, म्हणून जग टेपवर विश्वास ठेवतं.

माझ्या आठवणीप्रमाणे विहीर बऱ्यापैकी आत, कडुनिंबाच्या अंगाला आहे. लाइन भगवानरावांच्या चौकातल्या ओट्यापासून अकरा फुटांवरून जाणार असेल तर काही धोका नाही. हे लोक शिकलेले असतात, त्यांची यंत्रं असतात. अडतीस वर्षांत माझ्या एका नकाशात कुणी इंचाची चूक काढली नाही, तेव्हा माझ्या शब्दावर निश्चिंत राहा. उगाच उन्हातान्हात बसू नका. गल्लीतल्या बायांनाही समजवा, त्या तुमचं ऐकतात.

नरहर


सरकीपुरा
२० डिसेंबर २०२४

नरहरभाऊ,

तुमचं पत्र भेटलं. समजावनं वाचून गंमत वाटली. बायायले मी कायले समजवू? त्या मलेच समजवते!

परवा मशीन आलं, ते खोदाचं पिवळं धूड. आमी काही आरडाओरडा केला नाही. भगवानरावच्या ओट्यावर जाऊन बसलो, बस. चौकात यायचं त ओट्याच्या कडेनंच यावं लागते अन् आमचे पाय खाली लोंबलेले. एका रांगेत आठ बाया, स्वेटर घालून, मांडीवर मटाराच्या शेंगा. मशीनवाला म्हने, बाजूले व्हा. आमी म्हनलं, बाबू, शेंगा सोलून होऊ दे. एका खेपेच्या आठ उठल्या की दुसऱ्या आठ बसल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीचा मटार सोलून झाला अन् मशीन वापस गेलं.

भगवानरावचं माहीतच हाय तुमाले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. 'माह्या ओट्याचं देऊळ केलं तुमी' म्हनत होते. अन् दुपारी त्यायनंच आतून सतरंजी आनून टाकली, फरशी थंडी हाय म्हने. त्यायची सून अर्पिता शाळेत मास्तरीन हाय, तिनं सुट्टी टाकली अन् सगळ्यायले चहा पाजला. पोरगी मोठी हिमतीची निघाली.

आता ७ जानेवारीले समाजमंदिरात सभा ठेवली हाय. कंपनीवाले कागद दाखवनार, आमचं ऐकनार. तोपर्यंत तुमचा नकाशा पाह्यजेच. पेटी नाही सापडत म्हनजे काय? तुमी त पेन्सिलीचं टोक बी डबीत ठेवनारे मानूस.

अन् एक इचारते. लाइन ओट्यापासून अकरा फुटावरून जाते, हे तुमाले कोनं सांगतलं? मी त लिहिलं नव्हतं. मी माहं पत्र आठवून आठवून पाह्यलं.

इंदू


सरकीपुरा
९ जानेवारी २०२५

नरहर देव यांस,

सभा झाली. कंपनीवाल्यायनं टेबलावर नकाशा उलगडला. निळा, जुना, घडीवर फाटलेला. सगळे वाकून पाहून राह्यले होते, म्हनून मी बी पाह्यला. खालच्या कोपऱ्यात तुमची सही. तुमच्या 'न'ची शेपटी मले इचाराची गरज नाही, माह्याजवळच्या किल्लीच्या पाकिटावर बी तीच हाय. त्याच्याखाली दुसरा कागद, ऑक्टोबरचा. सरकीपुऱ्यातल्या घरमालकाची पाइपलाइनीले काही हरकत नाही. त्याच्यावर बी तुमची सही.

मी उभी राहून अकरा पावलं सांगतली. त्यायचा साहेब म्हने, आजी, तुमच्याच गल्लीतला मानूस, तुमचाच शेजारी, त्यायनंच टेपनं मोजून देल्लं हाय, आता तुमी काय सांगता? सगळे हासले. आपले बी दोन-चार हासले.

मी खाली बसली. मले वाईट नकाशाचं नाही वाटलं. पेटी सापडत नाही, हे तुमी मले लिहिलं त्याचं वाटलं. रत्नप्रभाताईच्या शेवटच्या महिन्यात मी तुमच्या घरात रात्रंदिवस होती. तवा तुमी मले म्हनलं होतं, वहिनी, या घरात तुमच्यापासून काही लपवन्यासारखं नाही.

२८ तारखेले मशीन येते, पोलीस घेऊन. घराची किल्ली कोनाजवळ देऊ तेवढं कळवा. दुसरं पत्र पाठवू नोका.

इंदू


पुणे
१५ जानेवारी २०२५

इंदुवहिनी,

पाठवू नका म्हणालात तरी पाठवतो आहे. फाडायचं असेल तर वाचून फाडा.

ऑक्टोबरात कंपनीचा एक माणूस इथे आला. वाकून नमस्कार केला, 'सर' म्हणाला. इथे राहायला आल्यापासून दीड वर्षात मला कुणी काही विचारलं नव्हतं. इथे मला दोनच गोष्टी विचारतात, जेवलात का आणि गोळी घेतली का. त्याने माझा नकाशा टेबलावर पसरला, रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, असं हातचं काम आता बघायला मिळत नाही. मी हुरळलो, वहिनी. त्याच्या हातात नकाशा दिला, आणि त्याने पुढे केलेल्या नाहरकतीवर सहीही ठोकली. लाइन कुठून जाणार ते त्यानेच सांगितलं होतं. गल्लीत राहता तुम्ही, तुम्हाला विचारायला हवं होतं. मग तुमचं पत्र आलं आणि मला तोंड उरलं नाही, म्हणून पेटीची थाप मारली. तुमच्याशी. याची मला शरम वाटते.

हे झालं एक. दुसरं याहून वाईट आहे.

तुमचं शेवटचं पत्र आल्यापासून आधीची दोन्ही पत्रं पुन्हा पुन्हा वाचत होतो. माफी कुठे सापडते का बघत होतो म्हणा. दुसऱ्या पत्रात तुम्ही लिहिलंय, ओट्यावर एका रांगेत आठ बाया. काल वाचता वाचता तिथेच अडकलो. भगवानरावांच्या ओट्यावर आठ? मी नकाशा काढला तेव्हा आमची चार जणांची बैठक होती. पाचवा आला की भगवानराव स्वतः उठून उभे राहायचे आणि वर शिव्या द्यायचे. मग मला अंधुक आठवलं, रस्ता झाला त्या साली त्यांनी ओटा चौकाच्या बाजूला वाढवला होता. पायरीही नवी केली होती. पेढे दिले होते आपल्याला!

बारा फूट रुंद विहीर, तिचा मध्य मी ओट्याच्या कडेपासून मोजला होता. बावीस फूट. नकाशात बारीक अक्षरात तसं लिहिलंही आहे. त्या ओट्यावर आम्ही रोज बसायचो, मला तो ओटा डोंगराइतका पक्का वाटला. कंपनीने तेच बावीस फूट आजच्या कडेपासून मोजले. चाराचे आठ झाले म्हणजे ओटा सात फूट तरी पुढे आलेला आहे. तेवढीच विहीर माझ्या नकाशात पलीकडे सरकली. वहिनी, लाइन विहिरीवरच आहे.

सकाळपर्यंत थांबलो नाही, लगेच कागद घेऊन मांडणी केली. डोक्यावर भरला गुंड असताना बाईचं पाऊल दीड फुटाचं पडतं, रिकामं असताना पावणेदोनाच्या वर. अकरा आणि नऊ, दोन्ही एकाच जागी येतात, साडेसोळा फुटांवर, बरोबर कठड्याच्या कडेला. मोजमापात असं चालत नाही असं मी तुम्हाला ऐटीत लिहिलं होतं.

नकाशासाठी मोजत होतो तेव्हा रत्नप्रभा दारातून म्हणाली होती, ओट्यापासून काय मोजता, इंदूच्या उंबरठ्यापासून मोजा. मी हसलो होतो. बायकांना टेप कळत नाही, असं काहीतरी बोललोही असेन.

कंपनीला आज रजिस्टर पत्र टाकलं. चूक माझी आहे आणि नाहरकत मागे घेतो, असं सहीनिशी लिहिलं आहे. पण ते विचारणार, ओटा सरकला याला पुरावा काय? वाढवलेला ओटा म्हणजे अतिक्रमण. भगवानरावांनी कबूल केलं तर तो तोडावा लागेल. ते सांगतील असं मला वाटत नाही. तुम्हीच सांगा २८ तारखेला.

किल्ली तुमच्याकडेच असू द्या, एवढी विनंती.

नरहर


सरकीपुरा
५ फेब्रुवारी २०२५

नरहरभाऊ,

तुमचं पत्र २१ तारखेले भेटलं. फाडलं नाही. तीनदा वाचलं अन् मंग डोक्यावर पदर घेऊन भगवानरावकडं गेली. त्यायच्या हातात देल्लं. त्यायनं चष्मा लावून वाचलं, घडी केली, वापस देल्लं. मी घेऊन घरी आली. तुमी म्हनता, तुमीच सांगा. मी कायले सांगू? पन्नास वर्षाचा शेजार हाय. ओटा त्यायचा, तोंड बी त्यायचंच लागनार. एकतीसही घरायले माहीत हाय ओटा कवा वाढवला, पन कोनी कोनाच्या ओट्याची चुगली साहेबापाशी करत नाही. आपल्यात ते बसत नाही.

मंग मी माह्या परीनं एक केलं. संक्रांतीचं हळदीकुंकू चालू होतं. मले वाटलं, यंदा वाण म्हनून डब्या-वाट्या कायले? रांगोळीच्या पुड्या वाटू. निळी, पिवळी, लाल. पन मी विधवा बाई, माह्या हातचं वाण कोन घेईन? अर्पिताले म्हनलं, तू वाट तुह्या नावानं. त पोरगी म्हने, आजी, हळदीकुंकू माह्या घरी, वाण तुमच्या हातानं, नाही त दोन्ही नको. अन् भगवानरावच्या ओट्यावर मले मधात बसवलं! मी खाली पाहून राह्यली होती. वाटलं, आता एखादी पदर झटकून उठते. एकबी नाही उठली भाऊ. सगळ्या गल्लीच्या बाया आल्या, ओंजळ पुढं केली, वाण घेतलं. दोघीतिघीनं त माह्या कपाळाले कुंकू लावलं. पुंडलिकराव गेल्यापासून पहिल्यांदा. मी रडली, खोटं कायले सांगू.

२८ तारखेले सकाळी सगळ्या जनी झाडू घेऊन बाहेर आल्या. ज्या घरासमोर जमिनीत जे हाय, ते तिनं रांगोळीनं वर काढाचं, असं ठरलं होतं. निळी म्हनजे नळाची लाइन, पिवळी म्हनजे नाली. आपल्या गावात नळ कवा येते अन् कवा जाते, त्याच्यामांगं आमची हयात गेली. कोन्त्या दारासमोर सांधा हाय, कुठं गळते, कुठं वाकते, ते बायायले झोपेत बी माहीत हाय. मांगं केबलवाल्यायनं खोदलं अन् नळ फुटला, बावीस दिवस गल्लीले पानी नव्हतं, ते कोन इसरनार? आठ वाजेपर्यंत सगळ्या गल्लीच्या पोटातलं वर आलं. रेघा वाकड्यातिकड्या असतीन, पन खऱ्या. चौकात मी लाल रंग घेतला. उंबरठ्यावरून निघाली. डोक्यावर माहा जुना पितळेचा गुंड घेतला होता, भरून. नाही त पाऊल लांब पडते. अकरा पावलं टाकली, खाली बसली, अन् तिथून पुढं विहिरीचा गोल काढला, जसा होता तसा. टोंगळ्यात कळ निघत होती, पन हात नाही हालला.

मशीन आलं. पोलीस आले. साहेब नव्हता आला, त्याच्याजागी एक जवान इंजिनियर होता, कपिल नावाचा. उतरला अन् रांगोळी पाहून थांबला. कोनाच्या रेघेवर पाय देल्ला नाही त्यानं, कडेकडेनं चालला. आपल्या कागदावरची नळाची लाइन अन् आमची निळी रेघ ताडून पाहून राह्यला होता. कागदावर नळाचे दोन सांधेच नव्हते. म्हने, आजी, हे कोनं काढलं? मी म्हनलं, आमी सगळ्यायनं. पुड्या मी वाटल्या.

मंग त्यानं तुमचं रजिस्टर काढलं खिशातून. मोठ्यानं वाचलं. तुमी स्वतःची चूक जशी लिहिली तशी सगळ्या गल्लीनं ऐकली भाऊ. एकजन हासला नाही. वाचून तो म्हने, मले मान्य हाय, पन ओटा सरकला याचा पुरावा देईन कोन? नाही त मले काम थांबवता येत नाही.

कोनीच बोललं नाही. मी बी नाही. मशीनवाल्यानं चावी फिरवली. भगवानराव दारात खुर्चीवर बसले होते. उठले. धोतर सावरत ओट्यावर उभे राह्यले अन् असे गरजले: 'बंद कर ते! ओटा म्या वाढवला. सात फूट. पावती नाही, परवानगी नाही. लिहून घे. सही करतो.' मंग माह्याकडं वळून म्हने, 'अन् तुमी काय मुक्या झाल्या होत्या व इंदुबाई? तुमाले त सगळं ठाऊक होतं!' मी काय बोलू? हात जोडले.

कपिलनं लोखंडी सब्बल मागतली. माहा बाप राजूरच्या कोळसा खाणीत होता म्हने, पोकळ जमिनीचा आवाज मी घरीच शिकलो. तुमच्या नकाशातल्या जागी सब्बल मारली, टन् वाजली. माह्या गोलात मारली, ढब्ब वाजली. त्याचा चेहराच उतरला. दोन्हीकडं मशीननं भोक पाडलं. तिकडं दीड फुटावर काळा दगड लागला. माह्या लाल गोलात सहा फुटाची सळाख टाकली, ती अख्खी आत गेली अन् हातातून सुटून खाली पडली. पडल्याचा आवाज लय उशिरा आला भाऊ. पोलीस बी दोन पावलं मांगं सरले.

कपिलनं तिथंच कागद केला. लाइन मोठ्या रस्त्यानं जाईन. विहीर दगड-सिमेंट टाकून पक्की भरून देतीन. जाताना माह्या पाया पडला. मी म्हनलं, बाबू, पाया त्या बुढ्याच्या पड, ओटा त्याचा जाऊन राह्यला. त तिकडं बी गेला. भगवानराव म्हने, पाय सोड अन् चहा घे.

तुमच्या पत्राशिवाय हे झालं नसतं. चूक सगळेच करते. पुन्या-मुंबईले बसून, कोनी मागतलं नसताना, सही करून आपली चूक कबूल करनारा मानूस मी पाह्यला नव्हता. राग गेला माहा.

इंदू


पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

इंदुवहिनी,

तुमचं पत्र श्रेयसला आणि सूनबाईला मोठ्याने वाचून दाखवलं. भगवानराव ओट्यावर उभे राहिले तिथे मी कागद श्रेयसच्या हातात दिला, पुढचं त्याने वाचलं.

आयुष्यभर मला वाटत आलं की नकाशा काढणारा तो जाणता आणि बाकीचे नुसते राहणारे. तुम्ही वीस वर्षं ती जमीन डोक्यावर ओझं घेऊन मोजलीत, मी एका दुपारी टेप लावून मोजली, आणि सगळ्यांनी माझं खरं मानलं. मीही मानलं. तुम्ही गल्लीला काय मिळवून दिलंत ते तुम्हाला कळतं का, ठाऊक नाही. एकतीस घरं वाचवलीत आणि एका शेजाऱ्याची अब्रूही वाचवलीत. त्याचं त्याला बोलायला जागा ठेवलीत. मला हे जमलं नसतं. मी तर तुम्हाला 'तुम्हीच सांगा' असं लिहून मोकळा झालो होतो.

सोबत चौकाचा नवा नकाशा पाठवतो आहे. अर्पिताने रांगोळीचे फोटो श्रेयसच्या फोनवर पाठवले होते, त्यावरून काढला. हात थरथरतो, म्हणून रेघा तीन-तीनदा काढाव्या लागल्या. निळ्या, पिवळ्या, लाल रेघा तुमच्याच ठेवल्या आहेत. अंतरं सगळी तुमच्या उंबरठ्यापासून आहेत. खालच्या कोपऱ्यात मोजणाऱ्याचं नाव लिहितात. तिथे आजवर माझं असायचं. या वेळी लिहिलं आहे: मोजमाप, इंदुबाई पुंडलिकराव गावंडे. त्याखाली लहान अक्षरात: आखणी, नरहर देव. असं नाव लिहिताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

कंपनीला एक प्रत दिली आहे. ही तुमची.

नरहर

ता. क. कानाचं मशीन लावतो आहे. सूनबाई म्हणते, आता पत्रं बंद करा आणि फोन करा. मी म्हटलं, इंदुवहिनींची पत्रं बंद होणार नाहीत.


सरकीपुरा
२६ फेब्रुवारी २०२५

नरहरभाऊ,

नकाशा भेटला. अर्पितानं फ्रेम करून आनली. समाजमंदिरात लावला, सगळ्या बाया आपापलं दार शोधून राह्यल्या होत्या. माहं नाव मी बोटानं चाचपून पाह्यलं. शाळेच्या दाखल्यानंतर माहं नाव असं छापील अक्षरात कोनी लिहिलं नव्हतं.

मोठ्या रस्त्यानं खोदकाम चालू झालं. भगवानरावनं ओटा सोता तोडून घेतला, सात फुटाच्या जागी पावनेसात तोडला अन् म्हनते मोजा. आता पुन्हा चौघायचीच जागा उरली. कोनी जादा आला की शिव्या देते.

पन भाऊ, तुमच्या नकाशात एक चूक निघाली. सगळ्या घरायवर घरवाल्याचं नाव हाय अन् तुमच्या घरावर तुमी लिहिलं, 'बंद'. मी काच काढून ते खोडलं अन् पेनानं 'नरहर देव' लिहिलं. अक्षर उलसं वाकडं आलं, पन मोजमाप माहं हाय, त दुरुस्ती बी माहीच.

दार उघडून ठेवलं हाय. अंगन सारवलं. ओट्यावर चौथी जागा रिकामी हाय, भगवानराव कोनाले बसू देत नाही.

या.

इंदू